स्क्यू कमी करताना : लांबी नव्हे, वेळ जुळवा

एकाच क्षणी निघालेले दोन सिग्नल रिसीव्हरपाशी वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात, तेव्हा त्या दोन क्षणांमधील अंतराला स्क्यू म्हणतात. जिटरशी त्याची गल्लत करू नये. जिटर बिटागणिक बदलत राहतो, तर स्क्यू बव्हंशी स्थिर असतो. हा स्थिरपणा आपल्या पथ्यावर पडणारा आहे, कारण जे स्थिर आहे ते मोजता येते आणि मोजलेले बरेचदा भरून काढता येते. तरीही प्रत्यक्षात असे दिसते की डिझायनर आपला बहुतेक वेळ ट्रेसची, म्हणजे बोर्डावरील तांब्याच्या वाटेची, लांबी शतांश मिलिमीटरपर्यंत जुळवण्यात घालवतो आणि खरा स्क्यू जिथे निर्माण होतो तिकडे त्याचे लक्षच जात नाही. म्हणून येथे क्रम थोडा उलटा ठेवला आहे : आधी हिशेब, मग ट्रेस.

आधी हिशेब

पहिला प्रश्न असा विचारावा की हा स्क्यू नेमका कोणत्या दोन सिग्नलमधला आहे आणि तो पुढे कोणी दुरुस्त करणार आहे का. डिफरन्शियल जोडीतील (एकच सिग्नल परस्परविरुद्ध रूपांत नेणाऱ्या) दोन तारांमधला स्क्यू, स्वतंत्र लेनमधला (डेटा वाटून घेणाऱ्या समांतर वाटांमधला) स्क्यू आणि क्लॉक व डेटा यांच्यातला स्क्यू, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लेनमधला फरक भरून काढण्याची सोय बहुतेक सिरियल प्रोटोकॉलमध्ये असते. पीसीआय एक्स्प्रेसच्या २.५ गिगाट्रान्सफरच्या पहिल्या पिढीत तर रिसीव्हरने लेनमधला २० नॅनोसेकंदांपर्यंतचा स्क्यू पचवावा अशी अपेक्षा आहे, म्हणजे बोर्डावरील जवळजवळ तीन मीटर ट्रेसइतका फरक. याउलट जोडीच्या आतला स्क्यू सर्वसाधारणपणे कोणीच दुरुस्त करत नाही. रिसीव्हर दोन तारांची वजाबाकी करतो तेव्हाच ती माहिती हरवते आणि नंतर कितीही हुशार लॉजिक लावले तरी ती परत मिळत नाही. त्यामुळे आपली सगळी काटेकोरी जोडीच्या आत खर्च करावी आणि लेनमध्ये हात सैल सोडावा. अनेक बोर्डांवर नेमके याच्या उलट घडलेले असते : सोळा लेन एकमेकींशी जुळवण्यासाठी नागमोडी ट्रेसचे जंगल उभे राहते आणि जोडीच्या आतली तफावत तशीच राहते.

समांतर बसचा हिशेब आकड्यांनी केलेला बरा. समजा, ४०० मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे आणि डेटा त्याच्या दोन्ही एजवर (चढत्या आणि उतरत्या कडेवर) जातो, म्हणजे एका बिटचा कालावधी १२५० पिकोसेकंद. क्लॉकची एज डेटाच्या मधोमध ठेवली तर प्रत्येक बाजूला ६२५ पिकोसेकंद मिळतात. त्यातून रिसीव्हरचा सेटअप किंवा होल्ड (क्लॉकच्या एजआधी किंवा नंतर डेटा स्थिर राहायला हवा तो वेळ) म्हणून २००, ड्रायव्हरच्या पिनांमधला स्क्यू म्हणून २०० आणि जिटरसाठी ७५ वजा केले की १५० उरतात. त्यातले ५० हाती राखून ठेवले तरी बोर्डासाठी १०० पिकोसेकंद शिल्लक राहतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या चिपचे आकडे तिच्या डेटाशीटमधून घ्यावेत. पण निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे : १०० पिकोसेकंद म्हणजे बोर्डाच्या आतील लेयरमध्ये जवळजवळ १५ मिलिमीटर. जिथे १५ मिलिमीटर चालतात तिथे ०.१ मिलिमीटरचा नियम लावणे म्हणजे ०.७ पिकोसेकंदासाठी बोर्डाची जागा आणि दोन दिवसांचे काम खर्ची घालणे आणि वर क्रॉसटॉक (शेजारच्या ट्रेसमध्ये सिग्नलची गळती) ओढवून घेणे होय.

मिलिमीटरचे पिकोसेकंद कसे करावेत

निर्वातात विद्युतचुंबकीय लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३०० मिलिमीटर जाते. पदार्थात तिचा वेग डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. नेहमीच्या एफआर-४ मध्ये हा स्थिरांक ४.२ च्या आसपास धरला तर दोन प्लेनमध्ये (तांब्याच्या सलग थरांमध्ये) गाडलेल्या ट्रेसला, म्हणजे स्ट्रिपलाइनला, प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ६.८ पिकोसेकंद लागतात. पृष्ठभागावरील मायक्रोस्ट्रिपच्या क्षेत्ररेषा अंशतः हवेत असल्यामुळे तिचा परिणामी स्थिरांक ३ च्या जवळ येतो आणि विलंब मिलिमीटरला ५.८ पिकोसेकंदांच्या आसपास उतरतो. म्हणजेच वरच्या लेयरवरचा १०० मिलिमीटरचा ट्रेस आणि आतल्या लेयरवरचा तेवढाच ट्रेस यांच्यात, लांबी तंतोतंत सारखी असूनही, १०० पिकोसेकंदांचा स्क्यू पडतो. वरच्या उदाहरणातली सगळी शिल्लक एवढ्या एका चुकीत संपली.

म्हणून लेआउट सॉफ्टवेअरमध्ये जुळणीचा नियम लांबीऐवजी विलंबावर बसवावा आणि त्यासाठी आधी स्टॅकअपमधली (बोर्डाच्या थरांच्या रचनेतली) खरी जाडी व खरे स्थिरांक भरावेत. बोर्ड बनवणाऱ्याकडून प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या लॅमिनेटचे आकडे मागून घ्यावेत, कारण सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला स्थिरांक आपल्या बोर्डाचा असेलच असे नाही. शक्य असेल तिथे एका गटातले सगळे सिग्नल एकाच लेयरवर आणि सारख्याच संख्येच्या व्हायांसह (थर जोडणाऱ्या छिद्रांसह) न्यावेत. मग स्थिरांकाचा अंदाज थोडा चुकला तरी चूक सर्वांना सारखीच लागू होते आणि वजाबाकीत निघून जाते.

तीन गोष्टी हिशेबातून हमखास निसटतात. पहिली म्हणजे व्हायाची उंची : १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाच्या एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जाणारा सिग्नल त्या छिद्रातच १० पिकोसेकंदांहून अधिक घालवतो. दुसरी म्हणजे चिपच्या पॅकेजमधली तार. मोठ्या बीजीए (खालच्या पृष्ठभागावर पिनांची जाळी असलेल्या) पॅकेजमध्ये कडेच्या आणि मधल्या पिनांच्या आतील वाटांची लांबी वेगवेगळी असते. उत्पादक पिनवार विलंबाची यादी देतो आणि ती सॉफ्टवेअरमध्ये भरण्याची सोयही असते. फक्त एक खबरदारी घ्यावी : काही चिपमध्ये पॅकेजमधला फरक उत्पादकाने आधीच जुळवलेला असतो, अशा वेळी तो पुन्हा भरला तर नसलेला स्क्यू आपणच निर्माण करतो. तिसरी गोष्ट भाराची. ५० ओहमच्या लाइनवर मध्येच १ पिकोफॅरडचा कपॅसिटन्स लटकला, तर त्या ठिकाणी सिग्नलला सुमारे २५ पिकोसेकंदांचा जादा विलंब होतो. गटातल्या एकाच सिग्नलवर चाचणीचा पॅड किंवा संरक्षक डायोड ठेवणे म्हणजे त्या सिग्नलचा ट्रेस जवळजवळ ४ मिलिमीटर लांबवण्यासारखेच आहे. पॅड ठेवायचाच असेल तर सर्वांवर ठेवावा.

जोडीच्या आत

डिफरन्शियल जोडी वळली की बाहेरची तार लांब पडते. हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो. ९० अंशांच्या गोल वळणात तो दोन तारांच्या मध्यरेषांमधील अंतराच्या सुमारे १.५७ पट असतो. अंतर ०.३ मिलिमीटर असेल तर फरक ०.४७ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन पिकोसेकंदांच्या आसपास. डाव्या वळणानंतर तेवढेच उजवे वळण आले की फरक आपोआप फिटतो, आणि मार्ग आखतानाच ही जोडणी डोक्यात ठेवली तर पुढचे बरेच काम वाचते. जिथे ती जमत नाही तिथे आतल्या, म्हणजे आखूड पडलेल्या तारेला लहान उंचवटे देऊन भरपाई करावी.

ही भरपाई कुठे करावी, याला ती किती करावी याइतकेच महत्त्व आहे. कनेक्टरपाशी पडलेला फरक चिपजवळ भरून काढला तर एकूण लांबी जुळते, नियम तपासणारे सॉफ्टवेअर हिरवा रंग दाखवते, पण मधल्या सगळ्या अंतरात दोन तारा एकमेकींच्या मागेपुढे धावत असतात. त्या अंतरात डिफरन्शियल ऊर्जेचा काही भाग कॉमन मोडमध्ये (दोन्ही तारांवर सारख्याच रूपात) जातो, तो इतर सिग्नलमध्ये घुसतो आणि विद्युतचुंबकीय उत्सर्जनाच्या चाचणीत नको तिथे शिखर म्हणून उभा राहतो. म्हणून भरपाई त्याच वळणाच्या किंवा त्याच पिनच्या काही मिलिमीटरच्या आत करावी.

चिपच्या पिनांपाशी जोडीच्या तारा एकमेकींना ओलांडाव्या लागत असतील तर ओलांडण्याआधी प्रोटोकॉल पाहावा. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये रिसीव्हरला ध्रुवता उलट आल्याचे ओळखून ती सरळ करता येते. तेव्हा अशा ठिकाणी दोन तारा सरळ तशाच नेऊन जोडाव्यात. ओलांडणीसाठी लागणारे व्हाया आणि त्यांच्याबरोबर येणारा स्क्यू दोन्ही टळतात.

काचेची वीण

आता त्या कारणाकडे वळू, जे लेआउटच्या पडद्यावर दिसतच नाही. बोर्डाचे लॅमिनेट एकसंध नसते; ते काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड आणि त्यात मुरवलेले रेझिन यांचे मिळून बनते. नेहमीच्या ई-काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ६ हून थोडा अधिक, तर रेझिनचा ३ च्या आसपास असतो. जोडीतली एक तार नेमकी धाग्यांच्या जुडीवरून आणि दुसरी दोन जुड्यांमधल्या रेझिनच्या पट्टीवरून गेली, तर दोघींची लांबी हुबेहूब असली तरी त्यांचा वेग वेगळा असतो.

फरक किती पडेल ते पाहू. एका तारेला ४.२ आणि दुसरीला ३.८ असा परिणामी स्थिरांक मिळाला असे धरले, तर प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ०.३३ पिकोसेकंदाचा फरक पडतो. १०० मिलिमीटरमध्ये तो ३३ पिकोसेकंद होतो. २८ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाला एका बिटचा कालावधीच ३५.७ पिकोसेकंद आहे. जोडीच्या आत स्क्यू असला की ज्या वारंवारितेला त्याची दुप्पट बरोबर एका आवर्तनाइतकी भरते, तिथे दोन तारांवरचे सिग्नल वजाबाकीत एकमेकांना पुसून टाकतात. ३३ पिकोसेकंदांसाठी ही वारंवारिता १५ गिगाहर्ट्झच्या आसपास येते, आणि २८ गिगाबिटच्या सिग्नलची नायक्विस्ट वारंवारिता (बिट-वेगाच्या निम्मी) आहे १४ गिगाहर्ट्झ. म्हणजे सिग्नलची मुख्य ऊर्जा जिथे आहे, नेमक्या तिथेच खड्डा पडतो. इक्वलायझरने (तारेत क्षीण झालेला सिग्नल सावरणाऱ्या सर्किटने) तो भरून निघत नाही, कारण तिथली ऊर्जा तारेत क्षीण झालेली नसून कॉमन मोडमध्ये निघून गेलेली असते.

या दोषाची एक ओळखीची खूण आहे. एकाच डिझाइनचे दहा बोर्ड आले, त्यातले आठ उत्तम चालतात आणि दोन चालत नाहीत. किंवा एकाच बोर्डावरची एखादीच लेन सतत चुका करते आणि पुढच्या खेपेत ती लेन बरी होऊन दुसरीच बिघडते. लॅमिनेट दाबताना कापड कुठे बसले यावर सगळे अवलंबून असल्यामुळे असे होते. अशा वेळी फर्मवेअरमध्ये दोष शोधण्यात आठवडे जातात. तो मोह आवरावा.

उपाय अनेक आहेत आणि त्यांची किंमतही वेगवेगळी आहे. सर्वांत सोपा म्हणजे कापड निवडणे. १०६ किंवा १०८० यांसारख्या विरळ विणीत जुड्यांमध्ये मोठ्या खिडक्या असतात. १०८० मध्ये एका दिशेला दर इंचाला ६० तर दुसऱ्या दिशेला ४७ जुड्या असतात, म्हणजे ०.४ ते ०.५ मिलिमीटरवर एक जुडी, आणि नेहमीच्या जोडीतील तारांचे अंतरही याच टप्प्यात असते. त्याऐवजी १०६७ किंवा १०७८ यांसारखे, धागे पसरवून चपटे केलेले कापड मागितले की खिडक्या बऱ्याच मिटतात. फॅब्रिकेशनच्या टिपणीत कापडाचा क्रमांक स्पष्ट लिहावा, नाहीतर जाडी जुळवण्यासाठी उपलब्ध असेल ते कापड वापरले जाईल. दुसरा उपाय म्हणजे ट्रेस विणीला तिरपे करणे. बोर्डाच्या कडेशी १० अंशांचा कोन केला तर ०.५ मिलिमीटरच्या विणीत दर २.८ मिलिमीटरला ट्रेस एक जुडी ओलांडतो आणि दोन्ही तारांना काच आणि रेझिन सारख्याच वाट्याने मिळतात. हे पॅनेलवर (ज्या मोठ्या पत्र्यातून बोर्ड कापले जातात त्यावर) संपूर्ण बोर्ड फिरवून साधता येते, पण त्यात लॅमिनेट वाया जाते. मार्गच उलटसुलट तिरप्या तुकड्यांनी आखला तर लॅमिनेट वाचते, पण आखणीचे कष्ट वाढतात. लांब अंतरासाठी ४५ अंशांचे मार्ग हाही चांगला पर्याय आहे. माझ्या मते १० गिगाबिटच्या खाली आणि आखूड अंतराला केवळ कापड बदलणे पुरते; २५ गिगाबिटच्या पुढे पसरट कापड आणि तिरपा मार्ग दोन्ही ठेवावेत.

नागमोडी ट्रेस

लांबी वाढवण्यासाठी ट्रेसला दिलेली नागमोड स्वतःच स्वतःशी बोलते. शेजारशेजारच्या घड्या फार जवळ असल्या तर सिग्नलचा काही भाग वळसा न घालता सरळ पलीकडच्या घडीत उडी मारतो आणि वेळेआधी पोहोचतो. परिणामी विलंब मोजलेल्या लांबीपेक्षा कमी भरतो. घड्यांमधले अंतर ट्रेस आणि प्लेन यांच्यातील उंचीच्या किमान तीन ते चार पट ठेवावे, घड्या उंच न करता बुटक्या ठेवाव्यात आणि सर्व घड्या एकाच मापाच्या काढण्याचा नीटनेटकेपणा टाळावा, कारण सारख्या घड्यांचे लहान लहान परावर्तन एका ठराविक वारंवारितेला एकत्र येते. त्याहून उत्तम म्हणजे नागमोड लागूच नये अशी व्यवस्था करणे : चिप थोडी फिरवली किंवा लेनचा क्रम बदलला की लांबीतला फरक निम्म्याने कमी होतो, असे बरेचदा दिसते.

जिथे स्क्यू मुद्दाम ठेवलेला असतो

शून्य स्क्यू हे प्रत्येक ठिकाणी उद्दिष्ट नसते. आरजीएमआयआय या गिगाबिट इथरनेटच्या जोडणीत १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकच्या दोन्ही एजवर डेटा जातो, म्हणजे प्रत्येक एजमागे ४ नॅनोसेकंद मिळतात. रिसीव्हरपाशी क्लॉक डेटाच्या मध्यावर यावा म्हणून त्याला १.५ ते २ नॅनोसेकंद मागे ठेवावे लागते. २ नॅनोसेकंदांसाठी स्ट्रिपलाइनची जवळजवळ ३०० मिलिमीटर लांबी लागेल, म्हणून हल्ली हा विलंब चिपच्या आत दिला जातो. नेहमी होणारी चूक अशी की फाय चिप (केबलशी जोडणारी इथरनेट चिप) आणि प्रोसेसर दोन्हीकडे हा विलंब चालू राहतो, क्लॉक ४ नॅनोसेकंद सरकून पुढच्या बिटच्या एजवर जाऊन बसतो आणि लिंक जुळलेली दिसत असूनही पॅकेट मात्र येत नाहीत. विलंब कोणत्या एका टोकाला द्यायचा हे स्कीमॅटिकवरच लिहून ठेवावे.

डीडीआर-३ पासून मेमरीचा क्लॉक आणि पत्ते एका चिपवरून दुसरीवर असे ओळीने जातात, त्यामुळे प्रत्येक चिपपाशी क्लॉक वेगळ्या वेळी पोहोचतो. कंट्रोलर राइट लेव्हलिंगद्वारे तो फरक मोजून भरून काढतो. म्हणून बाइट-गट एकमेकांशी जुळवण्यात शक्ती घालवू नये, मात्र एका बाइटचे डेटा बिट त्यांच्या स्ट्रोबशी (डेटा टिपण्याचा क्षण सांगणाऱ्या सिग्नलशी) नीट जुळवावेत.

क्लॉक, केबल आणि रिसीव्हर

एकाच क्लॉकवर अनेक चिप चालतात तेव्हा बफरच्या दोन प्रकारच्या स्क्यूमध्ये फरक करावा : एकाच बफरच्या दोन आउटपुटमधला स्क्यू लहान असतो, दोन वेगवेगळ्या बफरमधला त्याहून बराच मोठा. एकमेकींशी थेट बोलणाऱ्या चिपना शक्यतो एकाच बफरवरून क्लॉक द्यावा.

केबलमध्ये कारण वेगळे असते. इथरनेटच्या चार जोड्यांना क्रॉसटॉक टाळण्यासाठी मुद्दामच वेगवेगळा पीळ दिलेला असतो, त्यामुळे तांब्याची प्रत्यक्ष लांबी जोडीगणिक बदलते. कॅट-५ई च्या १०० मीटर केबलला जोड्यांमधला ४५ नॅनोसेकंदांपर्यंतचा फरक मान्य आहे आणि गिगाबिट इथरनेटचा रिसीव्हर तो सांभाळून घेतो. मात्र अशाच केबलवरून लाल, हिरवा आणि निळा हे रंगांचे सिग्नल वेगवेगळ्या जोड्यांतून पाठवले, तर तो फरक सांभाळणारे कोणी नसते आणि चित्राच्या कडांवर रंग सुटे दिसू लागतात.

एफपीजीएमध्ये (आतले लॉजिक आपल्याला ठरवता येते अशा चिपमध्ये) प्रत्येक पिनवर विलंब देता येतो. झायलिंक्सच्या ७-सिरीजमध्ये २०० मेगाहर्ट्झच्या संदर्भ क्लॉकला एका टॅपचा (पायरीचा) विलंब ७८ पिकोसेकंद आणि एकूण ३२ स्थाने मिळतात, म्हणजे जवळजवळ २.४ नॅनोसेकंदांची पट्टी. सुरुवातीला ठराविक नमुना पाठवून प्रत्येक पिनवर टॅप एकेक करून पुढे सरकवावा, चूक न येणारी पहिली आणि शेवटची जागा टिपावी आणि त्यांचा मध्य धरावा. १०० गिगाबिट इथरनेटमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते : डेटा २० आभासी लेनमध्ये वाटला जातो, प्रत्येक लेनमध्ये १६,३८३ ब्लॉकनंतर एक जुळणीची खूण येते आणि त्या खुणांवरून रिसीव्हर लेन पुन्हा रांगेत लावतो.

मोजमाप

मोजण्याआधी मोजमापाचा स्वतःचा स्क्यू काढून टाकावा. टेफ्लॉन डायइलेक्ट्रिकच्या कोअॅक्स केबलमध्ये दर मिलिमीटरला सुमारे ४.८ पिकोसेकंद लागतात. दोन केबलच्या लांबीत २ मिलिमीटरचा फरक असला की स्क्रीनवर १० पिकोसेकंदांचा स्क्यू उभा राहतो आणि तो बोर्डाचा नसतो. दोन्ही चॅनेलला एकच सिग्नल देऊन ऑसिलोस्कोपच्या डीस्क्यूच्या सोयीने दिसणारा फरक आधी शून्यावर आणावा, मग मोजावे, मग दोन केबल एकमेकींच्या जागी लावून पुन्हा मोजावे. आकडा तोच राहिला तर स्क्यू बोर्डाचा. चिन्ह बदलले तर केबलचा. अधलेमधले काही आले तर दोन मोजमापांची सरासरी घ्यावी.

टीडीआरने (सिग्नल पाठवून त्याचे परावर्तन पाहणाऱ्या उपकरणाने) मोजत असाल तर दिसणारा वेळ जाऊनयेऊनचा असतो, त्याचा निम्मा घ्यावा. २० गिगाबिटच्या पुढे चार पोर्टचा नेटवर्क अॅनालायझर वापरून डिफरन्शियलमधून कॉमन मोडमध्ये किती ऊर्जा जाते ते पाहावे, कारण लांबीच्या हिशेबात न सापडणारा विणीचा स्क्यू तिथे ठळकपणे दिसतो. ही तपासणी एकाच बोर्डावर करून थांबू नये. वेगवेगळ्या पॅनेलमधून आणि पॅनेलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेले किमान पाच-सहा बोर्ड घ्यावेत, प्रत्येक बोर्डावर तीच लेन मोजावी आणि आकड्यांमधला पसारा जोडीसाठी ठरवलेल्या हिशेबाशी ताडून पाहावा. सरासरी हिशेबात बसते पण पसारा बसत नाही असे दिसले, तर लेआउटला हात न लावता फॅब्रिकेशनच्या टिपणीतला कापडाचा क्रमांक बदलून पुढची खेप मागवावी.